आधी नकाशा, मग मशीन

लेसरनं चष्मा घालवायला गेलेल्या माणसाच्या हातात आधी दरपत्रक पडतं आणि त्याच्या डोळ्याचा नकाशा नंतर निघतो. हा क्रम उलटा आहे आणि तो विक्रीच्या सोयीसाठी उलटा ठेवलेला आहे. पीआरके एवढ्याला, लॅसिक एवढ्याला, काँटुरा एवढ्याला, स्माइल एवढ्याला, स्माइल प्रो त्याहून वर. महाग ते चांगलं, असाच त्या कागदाचा अर्थ कुणीही लावेल. पंचविशीतली पोरं तो तसाच लावतात, हप्ते बांधून घेतात आणि शेवटच्या ओळीवर बोट ठेवतात.

शस्त्रक्रियेशी माझं भांडण नाही. डोळा नीट निवडला तर ती भरवशाची आहे आणि ज्यांनी करून घेतली त्यांतले बहुसंख्य लोक समाधानी आहेत. भांडण आहे ते डोळा न बघता मशीन विकण्याशी. ‘कोणतं लेसर सर्वांत चांगलं?’ या प्रश्नाला उत्तर नाही. ‘माझ्या कॉर्नियाला कोणतं चालेल आणि चालेल तरी का?’ याला आहे, आणि ते मोजून काढता येतं.

आधी लेसर काय करतं ते बघू. ज्याला लांबचं दिसत नाही त्याचा डोळा बहुधा पुढून मागे जरा जास्त लांब असतो. ही लांबी एका मिलिमीटरनं वाढली की नंबर अडीच ते तीनानं वाढतो. किरण डोळ्यामागच्या पडद्यावर पोचायच्या आधीच एकत्र येतात आणि बसची पाटी धूसर दिसते. लेसर या लांबीला हात लावत नाही. डोळ्याच्या साठेक डायॉप्टर (चष्म्याचा नंबरही याच एककात असतो) ताकदीपैकी त्रेचाळीसच्या आसपास एकट्या कॉर्नियात, म्हणजे पुढच्या पारदर्शक काचेत असते. लेसर ती काच मधोमध थोडी चपटी करतं. एवढंच त्याचं काम.

म्हणून उणे आठ नंबरवाल्याचा ताणलेला, पातळ झालेला पडदा शस्त्रक्रियेनंतरही तसाच ताणलेला, तसाच पातळ राहतो. पडदा सरकण्याचा धोका जागच्या जागी. चष्मा गेला म्हणून डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जाणंच सोडून देणारे लोक मला या सगळ्या प्रकरणात सर्वांत जास्त काळजीत टाकतात. डोळ्यापुढे वीज चमकल्यासारखं झालं, काळे ठिपके एकाएकी वाढले, कडेनं सावली चढायला लागली, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. तुमचा नंबर आता शून्य आहे हे पडद्याला माहीत नसतं.

आता प्रकार. नावं पंधरा असतील, पद्धती तीनच.

पहिली पीआरके. सर्वांत जुनी, आणि दरपत्रकावर सर्वांत कमी दराच्या पहिल्या ओळीत टाकलेली. हिच्यामागची गोष्ट सांगायलाच हवी. १९८१ साली न्यूयॉर्क राज्यातल्या आयबीएमच्या संशोधन केंद्रात तिघं जण एक्सायमर नावाच्या अतिनील लेसरवर काम करत होते. त्यांतले एक रंगास्वामी श्रीनिवासन, जन्मानं मद्रासचे. थँक्सगिव्हिंगच्या जेवणातला उरलेला टर्कीचा तुकडा त्यांनी प्रयोगशाळेत नेला आणि त्यावर लेसर मारलं. तो करपला नाही. कडेच्या पेशींना धग न लागता स्वच्छ चर पडली. १९३ नॅनोमीटर लांबीच्या लहरी रेणूंचे बंधच तोडतात, आजूबाजूला तापवत नाहीत. न्यूयॉर्कचे नेत्रतज्ज्ञ स्टीफन ट्रोकेल यांनी हे तंत्र कॉर्नियाकडे वळवलं, १९८८ मध्ये मार्गरिट मॅकडोनल्ड यांनी दृष्टी शाबूत असलेल्या माणसाच्या डोळ्यावर ते वापरलं आणि १९९५ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानं त्याला मान्यता दिली.

पीआरकेत कॉर्नियावरची सुमारे ५० मायक्रॉनची कातडी काढतात आणि खालचा थर लेसरनं घडवतात. वर मलमपट्टीसारखी कॉन्टॅक्ट लेन्स बसवतात. कातडी चार-पाच दिवसांत पुन्हा येते. ते दिवस वाईट. डोळे चुरचुरतात, पाणी वाहतं, उजेड सहन होत नाही. नजर स्थिरावायला काही आठवडे, कधी महिने लागतात. मोठ्या नंबरला कॉर्नियावर धुरकटपणा येण्याची शक्यता असते, म्हणून मायटोमायसिन नावाचं औषध काही सेकंद लावतात आणि पुढचे काही महिने उन्हात गॉगल लावायला सांगतात. हे सगळं ऐकल्यावर गिऱ्हाईक दुसऱ्या ओळीकडे वळतं. पण पीआरकेत एक गोष्ट नसते: पापुद्रा.

दुसरी लॅसिक. १९९०च्या आसपास क्रीट बेटावर इओआनिस पालिकारिस यांनी कॉर्नियाचा वरचा थर बिजागरीसारखा एका बाजूला जोडलेला ठेवून उचलायला आणि त्याखाली एक्सायमर वापरायला सुरुवात केली. काम झालं की पापुद्रा पुन्हा जागेवर. दुसऱ्या दिवशी माणूस कामावर जायच्या गोष्टी करतो, आणि याच कारणानं लॅसिकनं जग जिंकलं. आधी पापुद्रा पात्यानं कापत. २००१ नंतर फेम्टोसेकंद लेसरनं कापायची सोय झाली. ज्या तंत्रानं असे अतिसूक्ष्म काळाचे झोत शक्य झाले त्याबद्दल डोना स्ट्रिकलंड आणि जेरार मूरू यांना २०१८ चा भौतिकशास्त्राचा नोबेल मिळाला.

‘ब्लेडलेस’ म्हणून विकतात ते हेच. पातं नाही हे खरं. पापुद्रा मात्र आहेच, आणि तो उचलायचाही आहेच. पात्याचा उल्लेख काढून टाकल्यावर ऐकणाऱ्याला वाटतं की काहीच कापत नाहीत. हे वाटणं जाहिरातवाल्यांना ठाऊक असतं आणि ते दुरुस्त करत नाहीत.

काँटुराही लॅसिकच. तोच पापुद्रा, तोच एक्सायमर. फरक इतका की चष्म्याच्या नंबराबरोबर कॉर्नियाच्या पृष्ठभागाचा बारीक नकाशाही मशीनला दिला जातो आणि बारकी उंचसखल जागा सपाट करायचा प्रयत्न होतो. काही डोळ्यांना याचा खरा उपयोग आहे. कॉर्निया मुळातच सुबक असेल तर साध्या लॅसिकपेक्षा फार वेगळं काही हाती लागेलच असं नाही. ‘हाय डेफिनिशन दृष्टी’ हे शब्द टीव्हीच्या दुकानात शोभतात.

तिसरी स्माइल. जर्मनीत वॉल्टर सेकुंडो आणि मार्कस ब्लूम यांनी ही वाढवली, आणि सुरुवातीच्या मोजक्या ठिकाणांत आपल्या शेजारचं वडोदराही होतं. तिथल्या रूपल शहा आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा निबंध २०११ साली प्रसिद्ध झाला. अमेरिकेत मान्यता २०१६ ची. यात एक्सायमर नाही. फेम्टोसेकंद लेसर कॉर्नियाच्या आतच एक पातळ चकती कोरतं आणि सर्जन दोन ते चार मिलिमीटरच्या छेदातून ती हातानं सुटी करून बाहेर ओढतो. पापुद्रा नाही, म्हणून तो सरकायचा धोका नाही. कॉर्नियाच्या वरच्या थरातले मज्जातंतू कमी तुटतात, म्हणून पहिल्या काही महिन्यांत कोरडेपणा लॅसिकपेक्षा कमी. या दोन्ही गोष्टी खऱ्या आणि मोलाच्या आहेत.

दरपत्रकात न छापलेल्या गोष्टी अशा. स्माइलमध्ये चकती काढणारा माणसाचा हात आहे आणि तो हात शिकायला वेळ लागतो. नंबर अगदी लहान असेल तर चकती इतकी पातळ निघते की सुटी करताना फाटू शकते. काम चालू असताना डोळा चोषणानं धरलेला असतो. रुग्ण दचकला, चोषण सुटलं, तर थांबावं लागतं. नंबर थोडा उरला आणि पुन्हा दुरुस्ती हवी झाली, तर लॅसिकमध्ये पापुद्रा उचलता येतो. स्माइलनंतर बहुतेकदा वरून पीआरकेच करावी लागते. म्हणजे जी पहिली ओळ तुम्ही दुखेल म्हणून नाकारली, तीच पुन्हा तुमच्या वाट्याला येते.

आणि ‘प्रो’? नवं मशीन एका डोळ्याचं काम दहा सेकंदांच्या आत आटोपतं, जुन्याला त्याच्या दुपटीहून जास्त वेळ लागे. चोषण सुटण्याचा धोका त्यानं कमी होतो, मशीन डोळा मधोमध आणि सरळ धरायला मदत करतं, दंडगोलाकार नंबर असणाऱ्याला त्याचा फायदा आहे. हे नीट सांगून त्याचे पैसे घ्यावेत. ‘दहा सेकंदांत चष्मा गायब’ एवढंच ओरडून घेऊ नयेत. वाचलेल्या पंधरा सेकंदांचं कुणाला काय करायचंय? प्रश्न पुढच्या पन्नास वर्षांचा आहे.

तिन्हींची तुलना एका वाक्यात मागाल तर ती अशी: योग्य डोळ्यात, वर्ष उलटल्यावर, फळ्यावरची अक्षरं तिन्हींनी जवळपास सारखीच दिसतात. लॅसिक आणि पीआरकेची तुलना करणाऱ्या कॉक्रेन या वैद्यकीय संशोधनाचे आढावे घेणाऱ्या संस्थेच्या आढाव्यातही हेच निघालं. लॅसिकला वेदना कमी, बरं होणं लवकर, पण वर्षानंतरचा निकाल तुल्यबळ. फरक पहिल्या काही आठवड्यांचा आहे, आणि दुसरा फरक कॉर्नियाच्या ताकदीचा. दरपत्रक पहिल्या फरकावर चालतं. दुसऱ्याचं गणित मात्र तुम्हाला मागून घ्यावं लागतं.

ते गणित इथंच करू.

पाठ्यपुस्तकात कॉर्नियाची मधली जाडी ५४० मायक्रॉनच्या आसपास दिलेली असते. नागपूर जिल्ह्यातल्या खेड्यांमध्ये तिशीपुढच्या साडेचार हजारांहून जास्त लोकांची तपासणी झाली, ‘सेंट्रल इंडिया आय अँड मेडिकल स्टडी’ या नावानं ती प्रसिद्ध आहे. त्यात सरासरी जाडी निघाली ५१४ मायक्रॉन. म्हणजे जवळजवळ निम्म्या लोकांची त्याहूनही कमी. आपल्या माणसांचा हिशेब आपल्या मापानं करायला हवा.

एका डायॉप्टरला किती मायक्रॉन खर्ची पडतात ते उपचाराच्या वर्तुळावर ठरतं. व्यासाचा वर्ग करा, तीननं भागा. साडेसहा मिलिमीटरचं वर्तुळ घेतलं तर डायॉप्टरमागे १४ मायक्रॉन. नंबर उणे ६ असेल तर ८५ मायक्रॉन गेले. लॅसिकचा पापुद्रा ११० चा. तो परत चिकटतो, पण भार पेलायला पूर्वीसारखा उपयोगी पडत नाही. ५१४ मधून १९५ वजा केले, खाली उरले ३१९. किमान २५० उरावेत हा जुना दंडक. आता बरेच सर्जन ३००च्या खाली जायला कचरतात. दुसरा दंडक असा की पापुद्रा आणि खरवडलेला भाग मिळून मूळ जाडीच्या ४० टक्क्यांच्या आत असावेत. इथं ते ३८ टक्के होतात. बसलं, पण काठावर.

हाच नंबर उणे ८ करा. ११३ आणि ११० मिळून २२३ गेले, उरले २९१. जुना २५०चा दंडक पास, ४० टक्क्यांचा नापास. एका दवाखान्यात ‘फिट’ आणि दुसऱ्यात ‘नाही जमणार’ असं का होतं, ते आता कळेल. पहिल्यानं हो म्हटलं म्हणून तो हुशार ठरत नाही.

स्माइलवाले म्हणतील, आम्ही पापुद्राच करत नाही. मान्य, आणि कॉर्नियाचा वरचा भाग खालच्यापेक्षा बळकट असतो, तो स्माइलमध्ये बराचसा शाबूत राहतो हेही मान्य. पण चकती हातानं सुटी करता यावी म्हणून तिला कडेलाही थोडी जाडी ठेवावी लागते. त्यामुळे त्याच उणे ६ नंबरला लॅसिकपेक्षा थोडं जास्तच ऊतक बाहेर पडतं. पातळ कॉर्नियासाठी स्माइल हा हुकमी इलाज आहे, असं कुणी सांगितलं तर ते अर्धंच सांगितलं असं समजा. पातळ कॉर्नियात जास्तीत जास्त शिल्लक पीआरकेत राहते, आणि ती तर पहिल्याच ओळीत, सर्वांत कमी दरात बसलेली.

जाडीहून महत्त्वाचा आकार. काही कॉर्निया मुळातच कमजोर असतात, हळूहळू पुढे शंकूसारखे फुगतात. याला केराटोकोनस म्हणतात. अशा डोळ्याला लेसर लागलं की तो आणखी ढासळतो. धडधाकट वाटणारा कॉर्नियाही लॅसिकनंतर असा फुगू शकतो, हे थिओ सायलर यांनी १९९८ मध्ये दाखवून दिलं. स्माइलनंतरही अशी उदाहरणं नोंदली गेली आहेत. त्याच नागपूरच्या पाहणीत ४८ डायॉप्टरहून जास्त वक्रता हा निकष लावल्यावर २.३ टक्के लोक केराटोकोनसमध्ये बसले. शंभरांत दोन हा आकडा लहान नाही. यांतल्या अनेकांना आपल्याला काही आहे हे माहीतही नसतं. नंबर वारंवार बदलतो, दंडगोलाकार नंबर वाढत जातो, डोळे सतत चोळायची सवय असते, आणि तेच वैतागून लेसरची चौकशी करायला येतात.

म्हणून पेंटाकॅमसारख्या यंत्रावर कॉर्नियाच्या पुढच्या आणि मागच्या, दोन्ही पृष्ठभागांचा नकाशा काढल्याशिवाय पैशांची भाषा होऊच नये. हा नकाशा कॉन्टॅक्ट लेन्स घालून गेलात तर फसवा येतो. मऊ लेन्स निदान आठवडा-दोन आठवडे, कडक लेन्स त्याहून बऱ्याच आधीपासून बंद ठेवाव्या लागतात. ‘आज तपासणी, उद्या ऑपरेशन, ऑफर रविवारपर्यंत’ असं सांगणाऱ्यानं सकाळी तुमच्या डोळ्यांतून लेन्स काढायला लावली असेल, तर तिथून उठा. उठताना नकाशाची प्रत मागून घ्या. पैसे तुम्ही भरलेत, डोळा तुमचा आहे.

कोरडेपणाकडे येऊ, कारण रोजचं जगणं त्यानंच बिघडतं. पापुद्रा कापताना कॉर्नियाचे मज्जातंतू तुटतात; अश्रू कधी सोडायचे हा निरोप त्यांच्याकडूनच जातो. ते पुन्हा वाढायला महिने लागतात. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानं स्वतः सहभाग घेऊन केलेली ‘प्राउल’ ही पाहणी २०१७ मध्ये प्रसिद्ध झाली. लॅसिकनंतर ९५ टक्क्यांहून जास्त लोक दृष्टीवर समाधानी होते, आणि रोजची कामं करणं फारच अवघड झालं असं सांगणारे एक टक्क्याहून कमी. त्याच पाहणीतलं दुसरं पानही वाचा. आधी कसलाही त्रास नसलेल्यांपैकी ४३ ते ४६ टक्क्यांना तीन महिन्यांनी दिव्याभोवती वलयं, किरणं, दुहेरी कडा यांतलं काही ना काही नव्यानं दिसत होतं. आधी कोरडेपणा नसलेल्यांत जवळपास २८ टक्क्यांपर्यंत लोकांना तो सुरू झाला होता. उलट ज्यांना आधीपासून असे त्रास होते त्यांतल्या कितीतरी जणांचे कमीही झाले.

दोन्ही पानं खरी आहेत. दवाखान्याच्या भिंतीवर एकच लागतं.

हिंजवडीच्या आयटी कंपनीत वातानुकूलित खोलीत दहा-दहा तास पडद्याकडे बघणाऱ्याचे डोळे शस्त्रक्रियेआधीच कोरडे असू शकतात. ते आधी मोजावेत, आधी बरे करावेत, मग लेसर. रात्री घाटातून गाडी चालवणं हा ज्याच्या पोटापाण्याचा भाग आहे, त्यानं वलयांबद्दल खोदून विचारावं. आणि थोड्या लोकांना शस्त्रक्रियेनंतर मज्जातंतूंची जी चिवट वेदना जडते, डोळा तपासला तर काही दिसत नाही पण आग थांबत नाही, तिला ‘मनाचे खेळ’ म्हणून घरी पाठवणारा डॉक्टर माझ्या लेखी दोषी आहे.

ज्याच्या डोळ्याला धक्का बसणारच आहे, त्याच्यासाठी निवड स्पष्ट आहे. कोल्हापूरच्या तालमीतला पैलवान, कबड्डीपटू, मुष्टियोद्धा: लॅसिकचा पापुद्रा काही वर्षांनंतरही जोरदार मार लागून सरकू शकतो. त्यांनी पीआरके करावी, नाहीतर स्माइल. सैन्यात किंवा पोलिसांत जायचं असेल तर दलागणिक, पदागणिक नियम वेगळे असतात. आधी भरतीची चालू जाहिरात वाचा, मग डोळ्याला हात लावू द्या. ‘नासानंही लॅसिकला परवानगी दिलीय’ हे ऐकवलं जाईल. २००७ मध्ये दिली, खरंय. तिथं एकेका डोळ्याची किती छाननी होते हेही विचारा.

आता लग्नाचा विषय, आणि इथं मी आवाज खाली ठेवणार नाही.

‘स्थळं बघायला सुरुवात करायचीय, त्याआधी तिचा चष्मा काढून टाकू.’ हे वाक्य महाराष्ट्रातल्या शिकल्यासवरल्या घरांत आजही बोललं जातं. मुलगी एकोणीस-वीस वर्षांची असते, तिचा नंबर गेल्या सहा महिन्यांत वाढलेला असतो, तिनं स्वतः कधी तक्रार केलेली नसते. आई घेऊन येते, वडील पैसे भरतात. मुलाच्या चष्म्याबद्दल कुणी अवाक्षर काढत नाही. तो चष्मा हुशारीत जमा होतो. नंबर निदान वर्षभर अर्ध्या डायॉप्टरहून जास्त बदललेला नसावा, हा नियम काही शोभेसाठी नाही. डोळा वाढत असताना केलेलं लेसर म्हणजे चार वर्षांनी पुन्हा चष्मा, आणि पुन्हा खरवडायला कॉर्निया शिल्लक नसण्याची शक्यता. गरोदरपणात आणि अंगावर पाजत असताना तर नंबर आणि अश्रू दोन्ही बदलतात. तेव्हाही थांबायचं असतं. अशा मुलीला एकटीला आत बोलावून ‘तुला स्वतःला हवंय का?’ असं विचारणारे सर्जन आहेत. ती नाही म्हणाली की ते बाहेर येऊन ‘कॉर्निया पातळ आहे’ असं सांगतात की खरं सांगतात, याच्याशी मला कर्तव्य नाही. त्यांनी मुलीची बाजू घेतली, मला पुरे.

चाळिशीचंही कुणी धड सांगत नाही. चाळिशी लेसरनं टळत नाही. उलट उणे दोन-तीन नंबरचा माणूस पन्नाशीत चष्मा काढून पेपर वाचतो, सुईत दोरा ओवतो. लेसर केलेल्याला त्याच वयात जवळचा चष्मा लागतो. अडतिसाव्या वर्षी लेसर करणाऱ्यानं दोन बाजू मांडून बघाव्यात: काही वर्षं लांबच्या चष्म्यातून सुटका आणि मग जवळच्याची सोबत. काहींना ते पटेल. पण हे ऑपरेशन टेबलवर झोपायच्या आधी कळायला हवं.

नंबर फार मोठा किंवा कॉर्निया फार पातळ असेल तर कॉर्नियाला हातच न लावता डोळ्याच्या आत, नैसर्गिक भिंगाच्या पुढे लेन्स बसवतात: आयसीएल. ती काढताही येते. मात्र ही डोळ्याच्या आतली शस्त्रक्रिया, तिचे धोके वेगळे, डोळ्याच्या पुढच्या कप्प्यात पुरेशी जागा हवी. उणे दहाला लेसरचा आग्रह धरण्यापेक्षा हिचा विचार शहाणपणाचा.

आणि नाही म्हटलं तर? तर चष्मा. त्यात कमीपणा काय आहे?

जुनी गोष्ट एक आहे, ती नवं मशीन आलं की मला हटकून आठवते. सत्तरच्या दशकात मॉस्कोत स्व्यातोस्लाव फ्योदोरव यांनी कॉर्नियावर चाकाच्या आऱ्यांसारखे छेद घेऊन नंबर घालवायची पद्धत गाजवली. अमेरिकेतही हजारोंनी ती करून घेतली. दहा वर्षं पाठपुरावा केलेल्या मोठ्या अभ्यासात ४३ टक्के डोळ्यांत नंबर एक डायॉप्टर किंवा त्याहून जास्त उलट्या बाजूला, अधिककडे सरकलेला निघाला. पहिल्या वर्षीच्या टाळ्यांत हे कुणाला दिसणार होतं? लॅसिक आणि पीआरकेमागे आता तीन दशकांचा अनुभव आहे, स्माइलमागे दीड. माझा स्माइलवर अविश्वास नाही. तिचे दावे तिच्या वयाला शोभतील इतकेच असावेत.

संमतिपत्राबद्दल. ते इंग्रजीत असतं, चार-सहा पानांचं असतं, आणि कित्येकदा सही घेतात ती थेंब टाकून बाहुल्या मोठ्या झालेल्या असताना, जेव्हा जवळचं अक्षर लागत नाही. अशा सहीला संमती म्हणायची माझी तयारी नाही. मराठीत द्या, आदल्या दिवशी द्या, घरी वाचू द्या. २०२२ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानं लॅसिकच्या धोक्यांची रुग्णासाठी सविस्तर सूची करण्याचा मसुदा काढला, तेव्हा तिथल्या सर्जनांच्या संघटनांनी त्याला विरोध केला. लोक घाबरतील म्हणे. वीस मिनिटं वाचून जो घाबरला, त्याला नंतर वीस वर्षं पस्तावू न देणं हेच तर वैद्याचं काम.

पैशांचं थोडक्यात. आरोग्य विम्यात ७.५ डायॉप्टरच्या खालच्या नंबरची शस्त्रक्रिया वगळलेली असते. त्याहून मोठा नंबर असेल तर पॉलिसी बारकाईनं वाचा आणि दावा करा. दर एका डोळ्याचा की दोन्हींचा, तपासण्या, थेंब, नंतरच्या भेटी आणि गरज पडली तर दुसरी दुरुस्ती त्यात धरली आहे का, हे लिहून घ्या. आणि शस्त्रक्रिया करणार कोण, हेही: होर्डिंगवरचा चेहरा की दुसरंच कुणी.

शेवटचं, आणि हे ज्यांचं लेसर होऊन गेलंय त्यांच्यासाठीही. शस्त्रक्रियेआधीचा नंबर, कॉर्नियाची वक्रता, जाडी, किती मायक्रॉन काढले आणि किती उरले, हा कागद दवाखान्यातून आणा आणि जपून ठेवा. लेसरनंतर कॉर्निया पातळ झालेला असतो, त्यामुळे डोळ्याचा दाब मोजताना खऱ्यापेक्षा कमी येतो आणि काचबिंदू नजरेतून सुटू शकतो. तपासणाऱ्याला लेसर झाल्याचं दर वेळी सांगा. साठीत मोतीबिंदू काढताना आत बसवायच्या लेन्सचा नंबर नेहमीच्या सूत्रानं चुकतो. नवी सूत्रं जुन्या आकड्यांवाचूनही बरंच निभावून नेतात, पण आकडे हाताशी असले तर सर्जनला पडताळून बघता येतं. तोवर ते लेसर सेंटर त्या जागी असेलच असं नाही. तेव्हा कागदाचा फोटो काढा, स्वतःला मेल करा आणि घरातल्या आणखी एका माणसाला तो कुठं आहे ते सांगून ठेवा.